फ्लॉपीतले मासे

सेलीन, तू मुंबईला उतरलीस हे मला माझ्याच प्रोग्रामने कळवलं. तुझ्या बहिणीचा, मार्थाचा फोन नंतर आला. आधी स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली, की आपला माल सुखरूप पोहोचला आहे, आमच्यावर विश्वास टाकल्याबद्दल आभार. ही ओळ काही वर्षांपूर्वी मीच लिहिली होती. मॅनेजरने तेव्हा शाबासकी दिली होती, कस्टमरला किती बरं वाटेल म्हणून. या वेळी कस्टमर मीच होते. तुझं दुबईत सख्खं कुणी नाही, आणि तुझ्या मैत्रिणींपैकी जबल अलीच्या कार्गो कंपनीत नोकरी करणारी मी एकटी, म्हणून पाठवणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव. मालाचं वर्णन मी भरलं. लाकडाच्या पेटीसकट वजन मी भरलं. त्या दोन दिवसांत तुझा नंबर टाकून किती वेळा बघितलं ते विचारू नकोस. मार्थाची सही झाल्याचं दिसलं, तरी बघतच राहिले. शेवटी आमची मुक्ता मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, स्टॉप इट. शी इज नॉट अ पार्सल."

चौदा वर्षांची पोर, आणि नेमकं तुझं वाक्य बोलली. तिला ते तुझं आहे हे ठाऊकही नसेल.

महिना झाला आता. माझं बूड एका जागी टिकत नाही. कुकर लावते आणि शिट्ट्या मोजायला विसरते. हे लिहायलाही तिसऱ्यांदा बसतेय. मधे दोनदा उठून उगाच गॅलरीतले कपडे सरकवून आले. प्रकाशला बायकोचं हे बघवत नाही, म्हणतो, जरा शांत हो. कशी होऊ? तू गेलीस ती चाळीसेक माणसांचे पत्ते डोक्यात घेऊन गेलीस, आणि मला एक अक्षर सांगून गेली नाहीस. रडू यायच्या आधी मला तुझा राग आला होता. आज खोटं कशाला बोलू?

आपली ओळख लिफ्टमधली. करामातली आपली बिल्डिंग, तू तिसऱ्या मजल्यावर तिघी नर्सांबरोबर, आम्ही पाचव्यावर. तू देऱ्यातल्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर आहेस एवढंच ऐकून होते. "तुम्ही त्या कॉम्प्युटरवाल्या ना?" म्हणालीस, आणि माझा मजला येईपर्यंत तुझ्या हातातली पत्रांची पिशवी माझ्या हातात. वसईच्या तुमच्या चर्चमधल्या बायकांचा गट होता. गल्फला जाऊन मुकी झालेली माणसं, पत्र नाही, फोन नाही. त्यांच्या आया-बायका त्या गटाकडे यायच्या, आणि गट पत्रं तुझ्याकडे धाडायचा. तू जेवणाच्या सुट्टीत फोन फिरवायचीस. ग्रोसरीवाले, लॉन्ड्रीवाले, लेबर कॅम्पच्या बसचे ड्रायव्हर. "भैया, तुम्हारी बस में कोई ऐसा आता है क्या, जिसके कान के पीछे मस्सा है?" अशा चौकशीवर तू माणसं शोधून काढायचीस, आणि मी एवढी शिकलेली बाई तोंडात बोट घालून बघायची.

मग ढाक्यातल्या शिक्षकांच्या एका मंडळाला तुझा पत्ता लागला. मग काठमांडूच्या दोन बहिणींना, ज्या त्यांच्या गल्लीतल्या बायकांसाठी हेच करत होत्या. एकाच कॅम्पमध्ये तिघांची माणसं, आणि तिघांना एकमेकांचा पत्ता नाही. "हे जरा मांडून दे," म्हणालीस. मला मांडता येत होता तो माल. कुठून निघाला, आता कुठे आहे, पोहोचला का. त्याच साच्यात मी माणसं बसवली, ऑफिसने टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर, ज्याला तू शेवटपर्यंत डबा म्हणालीस. वसई, ढाका, काठमांडू, तिन्हीकडे एकच प्रोग्राम, आणि महिन्याला जो कोणी गावी जाणारा-येणारा सापडेल त्याच्या बॅगेतून फ्लॉपी. शुक्रवारी तू चर्चमधली सकाळची प्रार्थना, तुमचा मिस्सा, आटपून वर यायचीस, मी पोहे टाकायचे, आणि आपण तिघांच्या फ्लॉप्या एकत्र करायला बसायचो. ढाक्याची फ्लॉपी एकदा लोणच्याच्या बरणीशेजारी बसून आली. आठवडाभर माझ्या ड्राइव्हला मोहरीच्या तेलाचा वास होता.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. वसईच्या बायका नावाच्या जागी 'पास्कूचा मोठा' असं लिहायच्या. ढाकेवाले आडनावाच्या रकान्यात कधी बापाचं नाव घालायचे, कधी गावाचं. नेपाळी बहिणींनी तर त्यांच्या पंचांगाचं साल भरलं. माणूस दोन हजार बावन्न साली घरून निघालेला. प्रोग्राम म्हणे, हा अजून निघायचाय. मी डोक्याला हात लावला. तू पोह्यांतला शेंगदाणा वेचत म्हणालीस, "मग बरंय की. कळव त्यांना, अजून थांबवता येईल त्याला." किती हसलो होतो. ती चूक दुरुस्त करायला मला पंधरा मिनिटं लागली. दुसरी झाली ती दुरुस्त झालीच नाही.

कार्गोत माल सापडला की पाठवणाऱ्याला आपोआप निरोप जातो, पत्त्यासकट. तेच मी इथे ठेवलं होतं. तोवर ईमेल आलेलं, त्यामुळे निरोप फ्लॉपीची वाटही बघत नव्हता. काठमांडूहून एका बाईला शोधायचं काम आलं होतं. नवरा शोधत होता तिचा. तू तिला रास अल खैमात हुडकलीस, एका घरी कामाला होती. तिचं नाव इथे लिहीत नाही, तू रागावशील. फोनवर ती तुला म्हणाली होती, "दीदी, घर पे मत बोलना." आणि शुक्रवारी तू मला म्हणालीस, "सापडली, पण थांब जरा."

मी म्हटलं, "थांब नावाचं स्टेटस नाहीये, सेलीन. सापडली की नाही एवढं सांग. माझा रिपोर्ट अडकलाय. यल्ला, आटप."

तू खूण केलीस. त्याच मिनिटाला पत्ता काठमांडूला. बहिणींनी आनंदाने तो नवऱ्याला दिला, त्यांचं काय चुकलं? नवऱ्याचा चुलतभाऊ इथेच जबल अलीच्या कॅम्पमध्ये. पुढच्या शुक्रवारी तो त्या घराच्या दारात जाऊन आरडाओरडा करून आला. घरचे घाबरले. हा आमच्या डोक्याला ताप नको, खलास, म्हणून चार दिवसांत तिला विमानात बसवलं. ज्याच्यापासून पळाली होती त्याच्याचकडे आपण तिला पोचती केली. तुझ्या मेहनतीने आणि माझ्या प्रोग्रामने.

तू ओरडली असतीस तर परवडलं असतं. तू आलीस, आमच्या दाराशी चपलांच्या कपाटावर बसलीस. मग म्हणालीस, "तिने मला विचारलं होतं गं, सांगणार नाही ना म्हणून. मी म्हटलं होतं, नाही."

मी पाणी आणलं. तू प्यायली नाहीस.

"आमच्या हॉटेलात बाहेरून फोन आला, की आम्ही खोलीचा नंबर सांगत नाही. माणूस आमच्याकडे उतरलाय हेसुद्धा सांगत नाही. आधी वर खोलीत फोन करतो. तुमच्यासाठी कॉल आहे, देऊ का? हो म्हटलं तरच लाइन द्यायची. इतकी वर्षं मी तेच करतेय, आणि तुझ्या डब्यासमोर बसले आणि विसरले. माल काही विचारत नाही, वृंदा. त्याला कुठेही न्या. माणूस म्हणजे पार्सल नव्हे."

त्या आठवड्यात मी प्रोग्राम उसवून पुन्हा शिवला. सापडला आणि कळवलं यांच्या मधे एक पायरी घातली: विचारलं. सापडलेल्या माणसाचं उत्तर आल्याशिवाय काडीही पुढे सरकणार नाही. उत्तरं दोन ठेवली होती, हो आणि नाही. तू तिसरं घालायला लावलंस, आत्ता नाही. मी वैतागले होते, हे कसलं उत्तर म्हणून. पण त्या 'आत्ता नाही'तून वर्ष-दीड वर्षाने किती 'हो' निघाले ते मी स्वतः बघितलंय. ढाक्याच्या हेडमास्तरांना ते पटेना. आईला मुलगा जिवंत आहे एवढंही कळू द्यायचं नाही का, असं त्यांनी लांबलचक ईमेल लिहिलं. तू म्हणालीस, तेही त्यालाच विचारू, जिवंत आहेस एवढं तरी सांगू का? मास्तरांनी ते मानलं. तिन्हीकडे तुझी पायरी बसली.

मी तुला सॉरी मात्र कधी म्हटलं नाही. नवी स्क्रीन उघडून दाखवली, हे बघ म्हटलं. तीच माझी माफी, आणि तुला ती कळली असं मी धरून चालले. कळली होती का गं?

आणि मग तू डब्यातली नावं काढलीस. पत्ते काढलेस. त्यांच्या जागी मासे भरलेस. माझ्या माहेरी लसूणसुद्धा लपूनछपून यायचा, आणि माझ्या डेटाबेसमध्ये रावस, घोळ, शिंगाळा, मांदेली. कुणाचा मुलगा आहे ते त्याच्या घरचा गट जाणे, कुठे आहे ते तू जाणे, आणि डब्यात दोघांच्या मधे फक्त मासा. प्रत्येकाला त्याचा मासा तू सांगून ठेवायचीस. नाव ठेवण्यात तुझा हिशेब असायचा. बोंबील का, तर एवढा मऊ माणूस, पण उन्हात पडला की लाकूड होतो. निवटी का, तर हातात म्हणून येत नाही. एकदा मी विचारलं, "सगळे झाले, त्या दिवशी तू करलीचं एवढं कौतुक करत होतीस, ती कुठाय?"

"करली म्हणजे नुसते काटे," तू म्हणालीस. "पण गोड अशी, की सवय झाली की दुसरं काही गोड लागत नाही. ती राखून ठेवलीय."

"कुणासाठी?"

"तू भाजीपाला खा, बाय."

आपलं खरं भांडण त्यावरूनच झालं. मी सिस्टिमवाली बाई. एवढ्या माणसांचे पत्ते एकाच डोक्यात, हे मला सहन होईना. कागदावर लिहून लॉकरमध्ये ठेव म्हटलं. पासवर्ड घालून देते म्हटलं. तू ढिम्म. शेवटी हातात सांडशी होती तशीच मी ओरडले, "आणि उद्या तू मेलीस म्हणजे?"

माझी आई म्हणायची, घरात असलं बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. मी असलं काही मानत नाही. पण गेला महिनाभर स्वयंपाकघरात त्या जागेवर उभं राहावत नाही.

तू शांतपणे म्हणालीस, "ज्याचा पत्ता त्याच्यापाशी असतो ना."

"हे उत्तर नाही."

"तुझ्या कार्गोत नसेल."

दोन शुक्रवार तू आली नाहीस. मीही जिना उतरले नाही, माझा ताठा तुला ठाऊक आहे. तिसऱ्या शुक्रवारी दार वाजलं, तू आणि तुझ्या हातात वसईहून आलेली सुकेळी, केळीच्या सोपात बांधलेली. "शाकाहारी आहेत, घाबरू नकोस," म्हणालीस. मी चहा टाकला. भांडण मिटलं, पण प्रश्न तिथेच राहिला. दोघींनाही ते कळत होतं आणि दोघींनीही तो पुन्हा काढला नाही. आपल्याकडे वेळ आहे असं वाटत होतं.

आणि मग त्या सकाळी तू कानाला हेडफोन असतानाच खुर्चीतून कलंडलीस. तुझ्या शेजारची ऑपरेटर सांगत होती, कुणाचा तरी कॉल तू होल्डवर ठेवला होतास, वर खोलीत विचारत होतीस.

तुझी खोली आवरायला मी गेले होते. आवरायला कसली, शोधायला. तुझ्या प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं झटकली, साड्यांच्या घड्या उलगडल्या, औषधांच्या डब्याखालचा कागद काढून बघितला. एका नर्सने विचारलं, काय हरवलं? काही नाही म्हटलं. सापडला फक्त तुझा चष्मा आणि वसईच्या बायकांची नवीन पत्रं, न फोडलेली. ती मी फोडली. रावसच्या आईचं होतं त्यात, गटाने वर फक्त 'रावस' लिहिलेलं. तिला मराठी येत नाही, म्हणून वसईतल्या कोण्या ताईकडून लिहवून घेतलेलं: डोळ्यांचं ऑपरेशन आहे, त्याआधी एकदा त्याचा आवाज ऐकायचाय. तिचा मुलगा डब्यात दोन वर्षं 'आत्ता नाही'वर होता. आणि तो रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये आहे की मस्कतला पळाला, हे सांगणारं डोकं वसईच्या मातीत.

त्या काठमांडूच्या बाईची ओळही बघितली. तिच्यापुढचं 'सापडली' मी तेव्हाच पुसलं होतं आणि 'हरवली' लिहिलं होतं. बहिणी अजून तिच्या सासरच्या गावी निरोप धाडतात. अजून काही नाही. ती ओळ मी काढणार नाही.

मी तिन्ही गटांना ईमेल लिहून ठेवलं, की सेलीन गेली, आता हे आमच्याच्याने होणार नाही, माफ करा. पाठवलं नाही. रोज उघडायची, एखादा शब्द बदलायची, बंद करायची.

काल इथल्या चर्चमध्ये तुझा महिन्याचा मिस्सा होता. मी मागच्या बाकावर बसले. बसले म्हणजे किती वेळ? मराठीतलं पहिलं गीत झालं आणि मी उठले. बाहेर आले. आवारात ऊन तापलेलं, माणसांची ही गर्दी, शुक्रवार ना. मी भिंतीपासून पाण्याच्या कूलरपर्यंत आणि कूलरपासून भिंतीपर्यंत येरझारा घालत होते. मनात तुझ्याशीच भांडत होते, तेच जुनं.

कूलरशी एक बारकासा माणूस उभा होता. कंपनीचा निळा युनिफॉर्म, जाड भिंगाचा चष्मा. दोनदा माझ्याकडे बघितलं त्याने, मान खाली घातली. मला वाटलं, बाई वेडी आहे असं म्हणत असेल. तिसऱ्या फेरीला तो पुढे आला.

"माफ करना मॅडम," अगदी हळू म्हणाला. "आप करली हो क्या?"

मी तशीच उभी राहिले.

"सेलीन दीदी बोली थीं, कभी मेरा फोन बंद हो जाए, तो शुक्रवार को चर्च में देखना. करली वहीं मिलेगी." मग जरा लाजून पुढचं म्हणाला, "मैंने पूछा, पहचानूँगा कैसे? तो बोलीं, जो औरत एक जगह टिकती नहीं, वही."

सेलीन, मेल्ये, तू माझंही नाव कुणाला सांगितलं नव्हतंस. मलाही डब्यात घातलंस, तुझ्या मिस्साला मी चर्चमध्ये येणारच हे धरून चाललीस, आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. प्रत्येकाच्या हातात एकेक टोक देऊन ठेवलंस आणि दुसरं टोक माझ्या पायात बांधलंस. सगळे येतील का? येतील त्यांना यायचं असेल तेव्हा. तू हेच म्हणत होतीस आणि मी सांडशी घेऊन ओरडत होते. मला रडू फुटलं, चांगलं मोठ्याने, महिनाभराचं. तो बिचारा पाण्याचा कागदी पेला भरून घेऊन उभा राहिला.

"हाँ," मी म्हटलं. "मैं करली."

"मैं रावस."

मी रावस म्हणजे कोणी धिप्पाड गडी धरून चालले होते. आता वाटतं, त्याच्यात तू काय बघितलंस ते विचारायला हवं होतं. नाव नाही विचारलं त्याचं. कुठे काम करतो तेही नाही. जिभेच्या टोकावर होतं, पण गिळलं.

"घर से कुछ आया है?" त्याने विचारलं.

"आया है. माँ का." ऑपरेशनचं सांगितलं, पत्रात होतं तेवढंच, माझ्या पदरचं काही घातलं नाही. तू नाही घालायचीस. त्याची मान खाली. मी रिकामा करून दिलेला पेला त्याने हातात चुरगळला होता. मला सांगावंसं वाटत होतं, अरे कर ना एक फोन, आई आहे. सगळं तोंडापर्यंत आलं होतं.

"लाइन दूँ?" मी एवढंच विचारलं, आणि तुझ्यासारखी थांबले. एका जागी. खरंच थांबले, सेलीन.

आतून शेवटचं गीत ऐकू येत होतं.

"अभी नहीं," तो म्हणाला. मग चार पावलं गेला आणि वळला. "अगले शुक्रवार फिर पूछोगी आप?"

घरी आले, डबा उघडला. ते माफीचं ईमेल आधी पुसलं. मग रावसची ओळ काढली. 'विचारलं'पुढे खूण केली, उत्तर भरलं, आत्ता नाही. त्याच्या पुढे एक रकाना आहे, विचारणाऱ्याचा. इतकी वर्षं तिथे सगळीकडे तुझंच नाव असायचं. तिथे मी करली लिहिलं.